दिवाळसणाचा सीलबंद गेम

आमच्या अक्काच्या पहिल्या दिवाळसणाला दाजी जेवायला पाटावर बसले आणि ताटाला हात लावेनात. हे रीतीला धरूनच होतं. पहिल्या दिवाळीला जावयानं रुसायचं, सासऱ्यानं काय पाहिजे म्हणून विचारायचं, जावयानं थोडं ताणून धरायचं आणि मग अंगठी, घड्याळ असं आवाक्यातलं काहीतरी मागून बासुंदीच्या वाटीला हात घालायचा. हे सोंग दोन्ही बाजूंना पाठ असतं. घोटाळा एवढाच होता, की आमच्या दाजींना रुसता येत नव्हतं. ते नुसतेच लाजून बसले होते.

"बोला जावईबापू," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे माझे वडील. "काय मनात आसंल ते बोला. पुऱ्या गार व्हत्यात."

दाजींनी अक्काकडं बघितलं. अक्कानं तांब्याकडं बघितलं. मग डॉक्टरला नको त्या जागेचं दुखणं सांगावं तशा आवाजात दाजी म्हणाले, "टीव्ही गेम."

टीव्हीला जोडायचा, आत कॅसेट घालायचा आणि दोन बाजूंनी दोघांनी काठ्या धरून खेळायचा तो डबा तोवर बारामतीत बऱ्याच घरांत पोचला होता. पण ती लहान पोरांची वस्तू. दाजी लेथवर काम करणारे, मिशा असलेले, लग्न झालेले गृहस्थ. तात्यांनी एकदा विचारून बघितलं, "घड्याळ न्हाय का चालायचं?" दाजींनी मान हलवली. लग्नाला होकारही त्यांनी असाच मान हलवून दिला होता. फक्त ती मान उभी हलली होती, ही आडवी.

आईला मात्र स्वयंपाकघरात हसू आवरेना. "पोरगं हाय गं अजून," असं ती शेजारणीला सांगत होती आणि त्यात तक्रार अजिबात नव्हती.

दुपारी मी आणि दाजी दोघंच ओसरीत पडलो होतो तेव्हा मला खरी हकिकत कळली. दाजी कळंबचे. घर मूळचं मेंढपाळाचं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, शेवटचा कळप विकून ऊस लावला तोवर दाजी पुरते वाढलेले होते. त्याआधीची त्यांची सगळी शाळा मेंढरांमागं. इंदापूरच्या स्टँडजवळ एका टपरीत रुपयाचं नाणं टाकून खेळायचं मशीन होतं आणि कळप त्या बाजूला आला की दाजी टपरीच्या दाराशी उभे राहायचे.

"रुपाया असायचा कधीमधी," दाजी म्हणाले. "पर हात मोकळं कुठं व्हतं? आत गेल्यावर मेंढरं कुणाच्या हवाली करायची? मग भाईरूनच बघायचो. एकदा बघता बघता मेंढरं एकाच्या कडवळात शिरली. त्यानं लई हाणला मला. पर आत खेळणाऱ्या पोराचं पडद्यावरचं इमान उडून पुढच्या पट्टीत गेलेलं बघूनच पळालो."

म्हणजे त्यांनी आयुष्यात एकदाही त्या काठीला हात लावलेला नव्हता. हे ऐकल्यावर मी उठून बसलो आणि म्हणालो, "दाजी, तुम्हाला असा गेम आणतो की कळंबात नाव निघंल." नाव निघालं. पण ते कसं, ते पुढं येईल.

खरेदीचं काम माझ्याकडं आपोआपच आलं. घरातला रेडिओ मी एकदा उघडून बघितला होता आणि तेव्हापासून तो बंद होता, त्यामुळं विजेच्या वस्तूंतला जाणकार म्हणून घरात माझं नाव झालेलं होतं. शिवाय बी.कॉम.चं शेवटचं वर्ष मी दुसऱ्यांदा करत असल्यामुळं वेळही भरपूर होता. तात्या बरोबर आले, कारण पैसे त्यांचे होते.

पहिल्यांदा आम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याकडं गेलो. केबल आल्यापासून त्याच्याकडं कॅसेट न्यायला काळं कुत्रं फिरकत नव्हतं. तासावर भाड्यानं द्यायचा त्याचा जुना गेम त्याला विकायचा होता. डब्याचा पांढरा रंग पिवळट झालेला, एका काठीच्या वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, कॅसेटवरचं चित्र नखांनी खरवडलेलं. पण त्यानं तो आमच्यादेखत टीव्हीला जोडला, कॅसेट काढून बाजा वाजवल्यासारखी तिच्यात फुंकर मारली, परत बसवली आणि पडद्यावर रणगाडे पळायला लागले.

तात्या खूश झाले. ते मार्केट यार्डात मापाडी. सगळा जन्म पोत्याच्या तोंडाशी गेलेला. मूठभर दाणे तळहातावर घेऊन, फुंकून, दाताखाली चावून बघितल्याशिवाय ते कुठल्याच मालाला माल म्हणत नसत. "डोळ्यापुढं चालतंय," ते म्हणाले. "आन् किंमत निम्मी. अजून काय पाहिजे?"

"जावयाला उष्टं द्यायचं?" मी म्हणालो. हे वाक्य आईचं होतं, पण मी ते स्वतःचं असल्यासारखं म्हटलं.

लायब्ररीवाला दुखावला. "उष्टं म्हणजे काय हो? मी काय चाटलाय का?"

मी तात्यांना ओढून स्टँडजवळच्या मोठ्या दुकानात नेलं. तिथं काचेच्या कपाटात तो डबा होता. लखलखीत, चारी बाजूंनी पातळ प्लास्टिकमध्ये गच्च आवळलेला, झाकणाच्या सांध्यावर सोनेरी गोल चिकटवलेला. वर चित्र असं, की एक पोरगा विमानातून पर्वतावर गोळ्या झाडतोय आणि मागं सूर्य फुटलाय. मी बघताक्षणीच गार झालो.

"चालतो का बघू," तात्या म्हणाले.

दुकानदारानं तात्यांकडं दयेनं पाहिलं. "काका, ह्याचं सील आहे. सील आहे तोवर माल, सील गेलं की सामान. फोडलं की किंमत निम्मी."

"आन् आत काय असंल ते?"

"कंपनीचं सील आहे की."

"न उघडलेल्या पोत्यावर मी कधी बोली लागू दिली न्हाय," तात्या माझ्याकडं वळून म्हणाले.

चार गिऱ्हाइकं ऐकत होती. मला लाज वाटली. "तात्या, ही ज्वारी नाही," मी म्हणालो. तात्यांनी खिशातून पैसे काढले आणि दुकानदाराऐवजी माझ्या हातावर ठेवले, म्हणजे व्यवहार कुणाचा ते स्पष्ट राहावं.

अक्काला सासरी पोचवायला मीच गेलो. एसटीत डबा दाजींच्या मांडीवर. फराळाचे डबे अक्काच्या मांडीवर. माझ्या मांडीवर काही नाही, कारण मला बोलायला हात मोकळे लागतात. दाजी सगळ्या रस्त्यानं त्या प्लास्टिकवरून अंगठा फिरवत होते. भवानीनगर मागं पडल्यावर ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, हितं कोपऱ्याला जरासं फाडून बघायचं का?"

"छे, छे. आधी आबांना दाखवू. आहेर अख्खा दिसला पाहिजे."

दाजींनी अंगठा उचलला.

कळंबला घरात शिरल्या शिरल्या दाजींनी पहिलं काम काय केलं, तर टीव्हीवरचं भरतकामाचं झाकण काढलं आणि ते हातात धरून उभे राहिले. मी डबा आबांपुढं ठेवला. आबा अंगानं चिवट, बुटके, आवाजानं बारीक. त्यांनी डबा उचलून वजन घेतलं, दोन्ही बाजूंनी कोकरासारखा दाबून बघितला, उलटा केला.

"ह्याचं तोंड कुठंशी हाय?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. सोनेरी गोल नखानं उचकटून डबा दाजींच्या हातात दिला असता तर हे सगळं लिहायची पाळी आली नसती. पण दुकानदाराचं ते वाक्य माझ्या तोंडात दोन दिवस खडीसाखरेसारखं घोळत होतं.

"आबा, हे सील आहे," मी सुरू केलं. "सील आहे तोवर माल, सील गेलं की सामान. फोडलं की किंमत निम्मी झाली." आबा लक्ष देऊन ऐकत होते. कुणी एवढं लक्ष देऊन ऐकायची मला सवय नव्हती, त्यामुळं मी वाहवलो. "मुंबईला तर म्हणे लोक असली वस्तू फोडतच नाहीत. तशीच ठेवतात. दहा वर्षांनी चौपट भाव येतो." ही मुंबई मी तिथल्या तिथं तयार केली होती.

"व्हय?" आबा म्हणाले. त्यांना आयुष्यभर जनावराच्या भावाचं कळत आलेलं. "गाभण म्हशीचं आसंच. आत काय हाय कुणाला ठावं न्हाय, म्हणून तर गिऱ्हाईक दोन पैसं वर देतं."

आणि ते उठले. भिंतीतल्या काचेच्या कपाटात अक्काच्या रुखवतातली स्टीलची भांडी मांडली होती. आबांनी कळशी बाजूला सरकवली, डबा मधोमध उभा ठेवला, चित्र समोर येईल असा, आणि काच ओढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या मग तसाच."

दाजींनी टीव्हीवर झाकण परत घातलं. चारी कोपरे नीट ओढून घातले. मी बघितलं आणि मला वाटलं, आज पहिला दिवस आहे, उद्या-परवा काढतीलच.

संक्रांतीला अक्का माहेरी आली. मी आल्या आल्या विचारलं, "दाजी कुठल्या पट्टीपर्यंत पोचले?"

"कशाच्या पट्टीपर्यंत?" अक्का म्हणाली. "कपाटात हाय तो. रोज पुसते मी. कोण पै-पाव्हणा आला की आबा दाखवत्यात. व्याह्यांनी दिलंय, आजून शील हाय, म्हणत्यात. परवा एक जण म्हणला, आत काय हाय? तर म्हणाले, ते कशाला बघायचं? शील हाय न्हवं?"

"आणि दाजी?"

"कामावनं आले की काचेपुढं उभं ऱ्हात्यात. चित्र पाठ झालंय त्यांना. त्या इमानाला किती खिडक्या हायत ते इचार."

"मग तू सांग की आबांना, खेळायची वस्तू आहे म्हणून."

अक्कानं हातातला तीळगूळ खाली ठेवला. "मी सांगू? नवी सून मी. माझ्याच माहेरची वस्तू फोडा, तिची किंमत निम्मी करा, म्हणून मीच सांगू? आन् ते तर आबांपुढं पाणी मागताना बी खाकरत न्हाईत. तू घातलंस हे खूळ त्यांच्या डोक्यात. मुंबई म्हणं. कुणाला बघायला गेला व्हतास मुंबईला?"

मी कधीच गेलो नव्हतो. पण कळंबला जाऊन तसं म्हणायचं, म्हणजे आमच्या आहेराची किंमत आपल्याच तोंडानं खाली आणायची, आणि वर पाहुण्यांचं पोरगं थापाडं ठरायचं. ते थापाडं होतंच, पण अजून ठरलेलं नव्हतं. मग मी दुसरी वाट काढली. मी लायब्ररीवाल्याकडं गेलो.

त्याचं दुकान बंद होण्याच्या बेतात होतं. मला बघून तो म्हणाला, "काय साहेब, उष्टं चालतंय का आता?"

"दाखवा तर."

"काय दाखवायचं? तेव्हा दाखवलं तेच हाय." जोडून दाखवेपर्यंत त्यानं मला तीन टोमणे मारले आणि मी ते निमूट पोटात घातले. मग त्यानं डबा वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधून दिला आणि जाता जाता म्हणाला, "डाव्या काठीचं बटण दाबताना जरा उजवीकडं रेटायचं. ते त्याच्या मनावर हाय."

आता दाजींना निरोप. त्यांची सुटी गुरुवारी आणि बारामतीचा बाजार गुरुवारीच, म्हणजे निमित्त आयतं होतं. पहिल्या गुरुवारी ते आले, हातात रिकामी पिशवी. मी कॅसेटमध्ये फुंकर मारली, डबा चालू केला आणि धड काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि कितीतरी वेळ नुसतीच धरली. पडद्यावर त्यांचा रणगाडा उभा होता तिथंच उडाला.

"दाजी, दाबा की."

"दाबतो," ते म्हणाले, पण अंगठा नुसताच बटणावरून फिरत राहिला. मी टीव्हीच्या मागची वायर नीट करायचा बहाणा करून जरा वेळ तिकडं तोंड फिरवलं.

गेमवर लिहिलेलं होतं की आत हजारो खेळ आहेत. खरं तर होते सातच, तेच नावं बदलून फिरून फिरून यायचे. आम्हाला त्यातला रणगाड्यांचा एकच पुरे होता. दोघांनी मिळून खेळायचा. खाली आपलं ठाणं, वरून शत्रूचे रणगाडे येणार. मी दिसंल त्याच्यावर गोळ्या झाडायचो. दाजींची रीत वेगळी. ते गोळी उशिरा झाडायचे. आधी आडवे जाऊन शत्रूला वळवायचे, एकेकाला कोपऱ्याकडं रेटायचे आणि सगळे एका ठिकाणी गोळा झाले की मग सावकाश.

"पाव्हणं, आसं मधी पळू नका, बुजत्यात ती," ते म्हणायचे. "तुमी वरच्या अंगाला थांबा. आता हाकला हिकडं. त्यो एकटा फुटलाय बघा, त्याला घ्या, त्याला घ्या. हां. आता कोंडली."

आबांपुढं न खाकरणारा हा माणूस काठी हातात आली की सलग बोलायचा. तात्या यार्डातून जेवायला यायचे ते ताट घेऊन मागं बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी त्या पिवळट डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि भाकरी मोडली. त्यांच्याकडून ज्वारीचा विषय परत कधी निघाला नाही. ते मला जास्त लागलं.

डाव्या काठीचं बटण माझ्याकडं असायचं. ते उजवीकडं रेटून रेटून माझ्या अंगठ्याला घट्टा पडला आणि बी.कॉम.च्या पेपरला पेन धरताना तो दुखला, असं मी निकालानंतर घरी सांगितलं. कुणी मानलं नाही. लाइट गेली की आम्ही पायरीवर बसायचो. आई चहा द्यायची. तेव्हाही दाजी बोलायचे. पाऊस मागं लागला की कळप कुठून वळवायचा, रात्री लांडग्याचा वास कुत्र्याला आधी येतो की मेंढीला, लेथवर लोखंडाचा सांडलेला काप निळा पडला की काय समजायचं. मला मोठा भाऊ नाही. त्या उन्हाळ्यात गुरुवारचं मला जे वाटायचं ते वाटायला दुसरं कुठलं नातं माझ्याकडं नव्हतं. संध्याकाळच्या एसटीच्या आधी ते पळत जाऊन पिशवीत दोन मेथीच्या जुड्या टाकून आणायचे. बाजार झाला.

मृगाच्या तोंडाला एक दिवस अक्का वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून एकटीच उतरली. तोंड सुजलेलं, रडून की उन्हानं ते कळेना. ती आत आली आणि टीव्हीपुढं मांडलेल्या डब्याकडं बघत उभी राहिली.

"ह्योच का त्यो?"

"हो."

"गावात काय म्हणत्यात ठाव हाय का? घरजावई. पाराव माणसं इचारत्यात आबांना, काय आबा, पोरगं दिलं का बारामतीला? दर गुरुवारी सासरवाडीला जातंय आन् दोन मेथीच्या जुड्या घेऊन येतंय. कळंबात मेथी मिळत न्हाय का? आबांनी काल जेवताना यांना सांगितलं, आता बास. त्यांनी मान हलवली." ती खाली बसली. "आज सकाळी रातपाळीवरनं आले आन् काचेपुढं बी थांबले न्हाईत. भिताडाकडं तोंड करून निजले. मला ते बघवंना. तू लावलंयस कुलूप, तूच चल उघडायला."

मी गेलो. जीपमध्ये सगळ्या वाटेनं भाषण जुळवत गेलो. मुंबई खरी होती असं ठेवून सील फोडायचं कसं, हा प्रश्न होता.

आबा अंगणात दोरखंड वळत बसले होते. दाजी दाराशी. मी पाणी पिऊन लगेच सुरू केलं.

"आबा, विजेची वस्तू फार दिवस बंद राहिली की आत ओल धरते. पावसाळा तोंडावर आहे."

"खरं हाय," आबा म्हणाले. ते उठून आत गेले आणि खताची धुतलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. "हिच्यात घालून तोंड बांधू. थेंब शिरायचा न्हाय."

"ओल आतूनही येते, आबा."

"आतनं कशी यील? शील हाय न्हवं?"

हा माझाच दगड होता आणि तो माझ्याच पायावर नेम धरून येत होता. मी दुसरा डाव टाकला. "आबा, दर वर्षी नवीन मॉडेल निघतं. जुन्याचा भाव पडायला लागतो."

"तुमी तर म्हणला व्हता चौपट व्हतो."

"मुंबईला होतो."

"मग ठिवू की. व्हईल हितं बी. आपल्याला कसली घाई हाय?"

दाजी दारातून माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत आशा नव्हती, राग नव्हता. एसटी चुकलेला माणूस दुसऱ्या एसटीकडं बघतो तसं काहीतरी होतं. माझं भाषण संपलं होतं. मी जमिनीकडं बघायला लागलो.

तेवढ्यात आतून अक्का आली. एका हातात तो डबा, दुसऱ्या हातात विळी. तिनं विळी आबांसमोर जमिनीवर मांडली, पाटावर पाय ठेवला आणि बसली.

"आबा," ती म्हणाली, "गाभण म्हैस कधीतरी व्याया नको का?"

आबांचे दोरखंडावरचे हात थांबले. घरात नवी सून, डोक्यावर पदर, आवाज खाली, आणि पाय विळीवर. आबांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग मान वळवून दाराशी उभ्या लेकाकडं बघितलं. आपल्याच कळपातलं जनावर लंगडतंय हे कसं ध्यानात आलं नाही, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

"तुला खेळायचा व्हता व्हय रं ह्यो?" त्यांनी विचारलं.

दाजींनी मान हलवली. उभी.

"मग बोलायचं न्हाय का?"

आबांनी अक्काकडं हात केला. "काप."

अक्कानं डब्याची कड विळीवर धरली आणि कांद्याची साल काढावी तसं ते प्लास्टिक एका ओढीत उतरवलं. सोनेरी गोल फाटला त्याचा आवाज मला दिवाळीपासून ऐकायचा होता, तो इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं.

"झालं का निम्मं?" आबांनी मला विचारलं.

"झालं, आबा."

"मग उरलेलं निम्मं कसं चालतंय ते दावा."

जोडणी मीच केली. त्यांचा टीव्ही साधा, काळापांढरा, आणि वायर मी दोनदा उलटी खुपसली, कारण आत काय असेल ते या घडीपर्यंत खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं. तात्यांचं पोतं मला तेव्हा आठवलं. पडदा आधी नुसताच मुंग्यामुंग्या. दाजी पुढं सरकले, त्यांनी ती कोरी करकरीत, धुळीचा कण नसलेली कॅसेट काढली, सवयीनं तिच्यात फुंकर मारली आणि परत बसवली. गेम चालू झाला, आतही तेच रणगाडे.

पहिला डाव दाजी आणि अक्का खेळले. अक्का मी खेळतो तशीच, दिसंल त्याच्यावर गोळ्या. दाजी म्हणाले, "काठी लई कडक हाय ह्याची. बारामतीची मुरलेली हाय." मग लगेच पडद्याकडं बघत, "अगं आशी मधी पळू नको, बुजत्यात ती." आबा मागं उकिडवे बसले होते. जरा वेळानं ते म्हणाले, "वरच्या अंगाचा एक सुटला रं," आणि दाजी बापाकडं न बघता म्हणाले, "बघितला, आबा. येऊ द्या त्याला." बापलेकांना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला तिथं काही काम उरलं नव्हतं. मी शेवटची एसटी धरली.

पुढच्या गुरुवारी आईनं सवयीनं एक भाकरी जास्त टाकली. दाजी आले नाहीत. यायचं कारणच नव्हतं. त्यांना हवी होती ती वस्तू त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांत चालू होती, आणि मी सहा महिने त्याच्यासाठीच तर खटपट करत होतो. मी काम इतकं चोख केलं होतं, की माझा गुरुवार त्यात गेला.

मग मीच कळंबला जायला लागलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आग्रहानं जेवायला घातलं. दुसऱ्या गुरुवारी चहा झाला. तिसऱ्या वेळी आबा दारातच बसले होते. मला लांबून येताना बघून त्यांनी तंबाखू मळायचं थांबवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "या पाव्हणं. जावई घरजावई व्हतो ते ठावं व्हतं. मेव्हणा बी व्हतो का?"

दाजी आतून हसले. मीही हसलो. परत येताना एसटीत मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो.

त्यानंतर गुरुवारी दुपारी मी घरीच डबा जोडायचो. सवयीनं दोघांचाच खेळ लावायचो. एकट्याचा लावायला हात होत नसे. उजवी काठी जमिनीवर पडलेली असायची आणि तिचा रणगाडा ठाण्याच्या बाजूला, सुरुवातीला असतो तिथं, तसाच उभा. तो हलत नाही म्हटल्यावर वरून येणारे सगळे आधी त्याच्यावर चालून यायचे. मी माझं ठाणं सोडून त्याच्यापुढं आडवा जाऊन थांबायचो, आणि गोळी उशिरा झाडायचो.